वॉरंटावरचं कलम आधी वाचा

कायदा : वाचकांचे प्रश्न

या वेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतली आहेत : एका देशाने माणूस मागितला आणि दुसऱ्या देशाने त्याला धरलं, तर त्या अटकेविरुद्ध काय करता येतं. पत्रलेखकांची नावं काढली आहेत. जिथे नुसतं 'कलम' म्हटलं आहे, तिथे आपला १९६२ चा प्रत्यार्पण कायदा समजावा.

माझ्या मेव्हण्याला पिंपरीतल्या घरातून पकडून दिल्लीला नेलं. तो सहा वर्षं अमेरिकेत नोकरीला होता. तिथल्या कंपनीच्या पैशांबद्दल आरोप आहे. आमचे वकील म्हणतात, ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही की जामीन आपोआप मिळतो. पन्नास दिवस झाले. वाट बघावी का?

नका बघू, आणि तो ९० चा आकडाही डोक्यातून काढा. आरोपपत्राची मुदत तपासाला बांधलेली असते आणि प्रत्यार्पणात आपले पोलीस तपास करतच नाहीत. तपास तिकडे झालेला असतो. इथला दंडाधिकारी एवढंच बघतो की माणूस सोपवण्याइतकं प्रकरण सकृद्दर्शनी उभं राहतं का. जे आरोपपत्र यायचंच नाही त्याची मुदत मोजत बसलात, तर कायद्याने दिलेली खरी मुदत हातची जाईल.

खरी मुदत कोणती ते वॉरंटावर लिहिलेलं असतं. त्याची प्रमाणित प्रत आजच मागवा आणि कलम बघा.

कलम ३४ब असेल, तर ही तात्पुरती अटक. 'आधी धरा, कागद मागून पाठवतो' असं परदेशाने तातडीने कळवलं, केंद्र सरकारने दंडाधिकाऱ्याला विनंती केली आणि वॉरंट निघालं. अशा अटकेपासून ६० दिवसांत माणूस सोपवण्याची रीतसर मागणी आली नाही, तर त्याला मुक्त करावं लागतं. इथे न्यायालयाच्या मर्जीचा प्रश्न नाही. कलम ९ असेल, तर केंद्राचा आदेश येण्याआधीच दंडाधिकाऱ्याने मिळालेल्या माहितीवरून वॉरंट काढलेलं आहे. तिथे मर्यादा तीन महिन्यांची. आणि कलम ६ असेल, तर केंद्राने कलम ५ खाली चौकशीचा आदेश आधीच दिलेला आहे. मग असं कुठलं घड्याळ चालू नसतं. जामिनाच्या मागे लागायचं.

पहिल्या दोन मुदतींत एक बारीक फरक आहे आणि अर्ज बहुतेक तिथेच आपटतात. ३४ब मध्ये ६० दिवसांत नुसती *मागणी* पोचली की पुरे. कलम ५ चा आदेश नंतर निघाला तरी चालतो. कलम ९ मध्ये उलट. मागणी कधी आली याला महत्त्व नाही. तीन महिन्यांच्या आत कलम ५ चा *आदेश* त्या दंडाधिकाऱ्याच्या हाती पडलेला हवा. म्हणून कलम ९ च्या प्रकरणात 'परदेशाची मागणी मंत्रालयात आलेली आहे' एवढ्या उत्तरावर गप्प बसू नका. उलट ३४ब च्या प्रकरणात 'आदेश कुठे आहे' म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका.

मोजणीचं उदाहरण. अटक ३ मार्चची असेल तर अटकेचा दिवस सोडून मोजल्यास मार्चचे २८, एप्रिलचे ३० आणि मेचे २ असे ६० दिवस २ मे रोजी भरतात. अर्ज ३ मेच्या सकाळी न्यायालयात पडायला हवा, आणि तो आधी तयार करून ठेवलेला हवा. तारीख पिंपरीतल्या अटकेची धरा. दिल्लीच्या न्यायालयात पहिल्यांदा उभं केलं त्या दिवसापासून मोजणारे भेटतात. प्रवास-कोठडीतले, म्हणजे दिल्लीला नेईपर्यंतचे, दिवस त्यात गळतात.

मागणी 'आली' म्हणजे ती राजनैतिक मार्गाने भारत सरकारकडे पोचली. परदेशातल्या कार्यालयाने पत्रावर घातलेली तारीख ही पोचल्याची तारीख नव्हे. तेव्हा अर्जातच विनंती करा की परराष्ट्र मंत्रालयाने मागणी मिळाल्याच्या नोंदीसह कागद हजर करावेत. तुमचे पन्नास दिवस झालेत, म्हणजे कलम ३४ब असेल तर हातात दहा दिवस आहेत.

एक मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मुदत संपल्यावर झालेली सुटका म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. मागून पूर्ण कागद आले तर पुन्हा अटक होऊ शकते. सुटल्याच्या आनंदात पासपोर्ट घेऊन कुठे निघालात, तर पुढच्या वेळी जामिनाचं नाव काढायची सोय राहणार नाही.

भावावर ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. दिल्लीतला दंडाधिकारी अशा प्रकरणात जामीन देऊ शकतो का, की थेट उच्च न्यायालयात जावं? जामीनदार आम्ही गावाकडूनच आणू, सातारा जिल्ह्यात शेती आहे.

देऊ शकतो. एरवी जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात, पण कलम २५ ने ही गाठ सोडवली आहे. या कायद्याखाली धरलेल्या माणसाला जामिनाच्या तरतुदी जणू तो गुन्हा भारतातच घडला असावा तशा लागू होतात, आणि जामिनापुरते दंडाधिकाऱ्याला सत्र न्यायालयाचे अधिकार मिळतात. कलमात उल्लेख १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता वाचायची. अर्जावर दोन्ही लिहा, कारकुनी हरकत टळते. पहिला अर्ज दंडाधिकाऱ्यापुढेच करावा. तिथे नकार मिळाला तर त्याची कारणं हातात येतात आणि उच्च न्यायालयात नेमकं काय खोडायचं ते कळतं.

'जणू भारतातच' या शब्दांची दुसरी बाजूही आहे. आरोप अमली पदार्थांचा असेल तर आपल्या एनडीपीएस कायद्यातलं कलम ३७ आडवं येतं, पैशांच्या अफरातफरीला मनी लाँडरिंगविरोधी कायद्याची (पीएमएलए) जोड असेल तर त्याचं कलम ४५. मग नुसतं 'पळणार नाही' म्हणून भागत नाही. गुन्हा केलेला नाही असं मानायला वाजवी कारण दाखवावं लागतं. परदेशाच्या मागणीत कोणती कलमं आहेत आणि भारतात त्यांना समांतर काय, याचा दोन स्तंभांचा तक्ता वकिलांनी जामीनअर्जाच्या आधी करावा. न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतात.

खरा झगडा पळून जाण्याच्या भीतीशी असतो. कायदाच या माणसाला 'फरारी गुन्हेगार' म्हणतो, तेव्हा पारडं सुरुवातीलाच झुकलेलं. ते सरळ करायला 'समाजात प्रतिष्ठा आहे' ही वाक्यं कामाची नाहीत. तो देश सोडताना कुठल्या पासपोर्टवर, कुठल्या विमानाने, उघडपणे आला का? तेव्हा तिथे गुन्हा नोंदला होता का, आणि नोंदला होता हे त्याला माहीत होतं का? इथे आल्यावर घरभाडं, पगार, प्राप्तिकर, मुलांची शाळा सगळं स्वतःच्या नावाने आहे का? तिथल्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर दिलं होतं का? यातला प्रत्येक कागद दहा विशेषणांपेक्षा जड. दुसरा पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असेल तर स्वतःहून सांगा. सरकारी वकिलांनी ते नंतर बाहेर काढलं की अर्ज तिथेच बसला.

आता गावच्या जामीनदाराचं. सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, आधार, दोन फोटो, हे घेऊन लोक दिल्लीला जातात आणि चार दिवसांनी तसेच परत येतात. एक तर मराठी सातबारा तिथे वाचता येत नाही. सोबत इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर नोटरीकडून करून न्या. दुसरं, 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला असतो. पीककर्ज फिटलेलं असलं तरी फेरफार न झाल्यामुळे तो तसाच दिसतो, आणि तेवढ्या रकमेने तुमची ऐपत कमी धरली जाते. जाण्याआधी बोजा उतरवून ताजा उतारा काढा. तिसरं, पत्ता आणि ऐपत पडताळायला कागद सातारच्या पोलिसांकडे येतात. त्यात आठवडा सहज मोडतो आणि तेवढे दिवस जामीन होऊनही माणूस तिहारमध्येच. शक्य असेल तर एक जामीनदार दिल्लीचा घ्या, नाहीतर मुदत ठेवीची पावती स्वीकारावी अशी विनंती अर्जातच करून ठेवा.

अटकेची नुसती भीती असेल तर अटकपूर्व जामीन मागता येतो का, असंही दोघांनी विचारलं आहे. कलम २५ जामिनाच्या तरतुदी सरसकट लागू करतं आणि अटकपूर्व जामीन हा त्याच प्रकरणातला भाग. दिल्ली उच्च न्यायालयाने हा अर्ज चालतो असं धरलं आहे. मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न.

मुलगी नातवाला घेऊन अमेरिकेतून ठाण्याला आली. जावयांनी तिथे तक्रार केली आणि इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस निघाली आहे. पोलीस कधीही येऊन तिला नेऊ शकतात का?

नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. मुलाच्या ताब्यावरूनच उठलेलं, मुंबईहून गेलेलं एक प्रकरण २००९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, त्यात हे तपशीलवार आलं आहे. भारतात इंटरपोलचं काम सीबीआय बघते. नोटीस तिच्यापर्यंत येते आणि माणूस कुठे आहे हे त्या देशाला कळवलं जातं. पुढे धरायचं तर प्रत्यार्पण कायद्याचीच वाट धरावी लागते : तात्पुरत्या अटकेची विनंती किंवा रीतसर मागणी, आणि दंडाधिकाऱ्याचं वॉरंट. परदेशातल्या गुन्ह्याबद्दल विनावॉरंट अटकेचा अधिकार पोलिसांना सर्वसाधारण कायद्यात आहे खरा, पण तो या कायद्याला वळसा घालण्यासाठी नाही.

त्रास होतो तो दुसरीकडून. नोटिशीच्या मागे लुकआउट सर्क्युलर निघतं आणि विमानतळावर माणूस अडतो. मुलीने प्रवास करू नये हे सांगायला नकोच. तीन कामं समांतर सुरू करा. मुलाच्या ताब्याबद्दल इथल्या कुटुंब न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात काय चाललं आहे त्याचे आदेश गोळा करा. नोटीस रद्द करण्यासाठी इंटरपोलच्या फायलींवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाकडे लेखी अर्ज करा. तो संबंधित व्यक्तीला स्वतः करता येतो, आणि खासगी स्वरूपाच्या कौटुंबिक वादासाठी नोटीस वापरली आहे हा मुद्दा तिथे ऐकला जातो. आणि घरी पोलीस आलेच तर काय दाखवताहेत ते वाचा. नुसती नोटीस असेल तर चौकशीला वकिलासह सहकार्य करावं आणि वॉरंटाची प्रत मागावी. आरडाओरडा नको, पंचनाम्यात 'विरोध केला' असं एक वाक्य गेलं की ते जामिनाच्या वेळी बाहेर येतं.

नव्यानेच वकिली सुरू केली आहे (नागपूर). प्रत्यार्पणाच्या अटकेविरुद्ध हेबियस कॉर्पस (बेकायदा डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा, अशी याचिका) दाखल करावी असं मला वाटत होतं. ज्येष्ठांनी 'टिकणार नाही' म्हणून फेटाळलं. मग आव्हान द्यायचं तरी कसं?

ज्येष्ठांचं बरोबर आहे, कारण मात्र नीट समजून घ्या. दंडाधिकाऱ्याने न्यायिक आदेशाने कोठडी दिली की 'माणूस बेकायदा डांबला आहे' हे म्हणणं सहसा उभं राहत नाही. आदेश अधिकाराबाहेरचा किंवा उघडउघड यांत्रिक आहे हे दाखवलं तरच. म्हणून हेबियस कॉर्पसची जागा पहिल्या काही दिवसांतच असते. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे नेलं का? नागपुरात पकडलं तर इथल्या दंडाधिकाऱ्याने दिलेल्या प्रवास-कोठडीची मुदत दिल्लीत पोचेपर्यंत संपली तर नव्हती? अटकेची कारणं लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिली का? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्याच एका प्रकरणात, ही लेखी कारणं सगळ्या गुन्ह्यांना लागू केली आणि कोठडीसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडायला हवीत असं सांगितलं. रिमांडचा रोजनामा आणि अटक-पंचनाम्यावरची वेळ शेजारी ठेवून बघा.

त्यानंतरची लढाई रिट अर्जाची, संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली, आणि ती बहुतेक दिल्लीत. चौकशीचा आदेश केंद्राने द्यायचा आणि तो सहसा पतियाळा हाऊसच्या दंडाधिकाऱ्याकडे जातो, म्हणून. चौकशीअंती दंडाधिकारी केंद्राला देतो त्या अहवालाविरुद्ध कायद्यात अपील दिलेलं नाही. बरेच जण अहवालाविरुद्ध लगेच धावतात आणि 'केंद्र सरकारने अजून निर्णयच घेतलेला नाही' या एका ओळीवर परत येतात. अहवाल आणि सोपवण्याचा निर्णय दोन्ही एकाच अर्जात घेणं बरं. पण मसुदा आधी तयार हवा, कारण मधला वेळ थोडा असतो.

मुद्दे कोणते? कलम ५ चा आदेश आहे का आणि त्यात ज्या गुन्ह्यांचा उल्लेख आहे तेच मागणीत आहेत का. माणूस तोच का. गुन्हा प्रत्यार्पणयोग्य आहे का, करार असल्यास करारातल्या व्याख्येप्रमाणे. राजकीय स्वरूपाचा आहे का. हे दाखवायला कलम ७ प्रमाणे आरोपीला स्वतःचा पुरावा देता येतो आणि तो घ्यावाच लागतो. मुदतबाह्य आहे का. इथे नवे वकील हमखास घसरतात. ते आपल्या संहितेतली मुदत दाखवतात, पण कलम ३१ मध्ये बघायची मुदत *मागणाऱ्या देशाच्या* कायद्यातली आहे. तिथल्या वकिलाचं मत, कायद्याच्या उताऱ्यासह, प्रतिज्ञापत्रावर आणावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी मागवा.

'पुरावा खोटा आहे', 'साक्षीदार फितवलेला आहे' यावर ताकद घालवू नका. अमेरिकेने मागितलेल्या अमली पदार्थांच्या एका आरोपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं आहे की ही चौकशी म्हणजे खटला नव्हे आणि परदेशातून रीतसर प्रमाणित होऊन आलेले कागद कलम १० प्रमाणे वाचले जातात. साक्षीदार इथे येऊन शपथेवर बोलण्याची गरज नाही. मात्र 'रीतसर प्रमाणित' हा शब्द तपासा. शिक्का, सही, सही करणाऱ्याचं पद, जोडपत्रांचे पानक्रमांक बघा. मूळ मागणीत १४ जोडपत्रं म्हटलेली आणि फायलीत ११, असं निघालं तर तीन कागद कुठे आहेत हा प्रश्न सरकारी वकिलांना अवघड जातो.

माझा मुलगा तिहारमध्ये आहे. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्या विरुद्ध अहवाल दिला. वकिलांचे पैसे संपले. आता विमानात बसवणार का? (आई, सोलापूर)

ताई, लगेच नाही. अहवाल देऊन तुरुंगात पाठवल्याच्या तारखेपासून १५ दिवस त्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. कलम ३१ च तसं सांगतं. ते १५ दिवस तुमच्या कामाचे आहेत.

पैशांचं आधी. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मुलाने तिहारच्या अधीक्षकांकडे साधा अर्ज द्यायचा. उच्च न्यायालयातल्या कामासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती वेगळी आहे, अर्ज तिच्या नावाने करा. तुम्ही सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलात तर ते कागद पुढे पाठवतील, पण तुरुंगातून दिलेला अर्ज लवकर पोचतो.

दुसरं, दंडाधिकाऱ्याच्या अहवालासोबत मुलाचं लेखी म्हणणं केंद्र सरकारकडे जाऊ शकतं. दिलं नसेल तर आता परराष्ट्र मंत्रालयाच्या नावाने द्या. कलम २९ प्रमाणे आरोप क्षुल्लक आहे, मागणी प्रामाणिक हेतूने केलेली नाही, किंवा पाठवणं अन्यायाचं होईल असं सरकारला वाटलं तर ते माणूस सोडू शकतं. आजार असेल तर तुरुंगाच्या दवाखान्यातले कागद जोडा. बाहेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा त्यांना वजन जास्त. एक-दोन पानं पुरे.

तिसरं, दोन महिन्यांचं कलम. तुरुंगात पाठवल्यापासून दोन महिन्यांत त्याला देशाबाहेर नेलं नाही, तर कलम २४ खाली उच्च न्यायालयाकडे सुटकेचा अर्ज करता येतो. अट एकच : अर्ज करणार असल्याची वाजवी आगाऊ सूचना केंद्राला दिल्याचा पुरावा हवा. पोचपावती सांभाळा, तिच्याविना अर्ज उभा राहत नाही. पण हेही ऐकून ठेवा : तुमच्याच रिट अर्जावर स्थगिती मिळाली आणि तिच्यात दोन महिने गेले, तर सरकार तेच 'पुरेसं कारण' म्हणून दाखवेल. स्थगिती आणि कलम २४ या दोन घोड्यांवर एकदम बसता येत नाही. कोणतं धरायचं ते वकिलांशी बसून ठरवा.

लंडनमध्ये राहतो. पुण्यातल्या बँकेच्या कर्जावरून भारताने मोठ्या भावाचं प्रत्यार्पण मागितलं आहे आणि त्याला परवा अटक झाली. मल्ल्यांना तासाभरात जामीन, नीरव मोदींना इतकी वर्षं नाही, हे कसं? आमचं काय होईल?

मल्ल्या १८ एप्रिल २०१७ ला अटकेत गेले आणि साडेसहा लाख पौंडांच्या जामिनावर त्याच दिवशी बाहेर आले. नीरव मोदी यांना १९ मार्च २०१९ ला धरलं. त्यांनी पुढे २० लाख, मग घरकैदेसह ४० लाख पौंड देऊ केले, तरी नकार. २०२५ च्या मे महिन्यातही उच्च न्यायालयाने नाहीच म्हटलं. म्हणजे रकमेचा हा प्रश्न नाही. नीरव मोदींच्या बाबतीत न्यायालयाला दोन गोष्टी खटकल्या : पळून जाण्याची शक्यता, आणि साक्षीदारांवर दबाव व पुरावा नष्ट केल्याचे सबळ संकेत. पहिल्यावर पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा, पासपोर्ट जमा करणं, हजेरी हे उपाय आहेत. दुसऱ्याला पैसा औषध नाही.

तुमच्या भावाच्या बाजूने एक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये आरोपी म्हणून मागितलेल्या माणसाला जामीन द्यावा असाच कल कायद्यात आहे. भारतात शिक्षा होऊन मग पळाला असेल तर मात्र तो कल लागू नाही. वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्टात पहिल्या हजेरीलाच तयारीने जा, कारण एकदा नकार मिळाला आणि दुसऱ्यांदाही मुद्दे मांडून झाले की पुढे नवीन काही असल्याशिवाय ऐकत नाहीत. मग उच्च न्यायालय. पैसे बँकेत तयार ठेवा आणि ते कुठून आले त्याचे कागदही, कारण भारतात ज्या रकमेबद्दल आरोप आहे तिच्यातलेच हे पैसे, अशी शंका सरकारी पक्ष काढतोच. मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाच्या खात्यातून घाईने आलेली रक्कम जामिनाला मदत करण्याऐवजी गोत्यात आणते. साधारण अटी अशा : पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा, रात्री ठरलेल्या पत्त्यावर मुक्काम, पोलीस ठाण्यात हजेरी, विमानतळ आणि आंतरराष्ट्रीय रेल्वे स्थानकांकडे न फिरकणं, एकच मोबाइल आणि तो कायम चालू.

जामीन मिळाल्याची मिठाई लगेच वाटू नका. भारतातर्फे उभी असलेली क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस तिथल्या तिथे तोंडी अपील सांगू शकते. मग दोन तासांत लेखी नोटीस आणि ४८ तासांत सुनावणी. तोवर माणूस आतच.

पुढच्या मुदती भिंतीवर लावून ठेवा. न्यायाधीशांनी प्रकरण गृहमंत्र्यांकडे पाठवलं की त्यांच्यापुढे म्हणणं मांडायला चार आठवडे. गृहमंत्र्यांनी दोन महिन्यांत ठरवायचं. आदेश कळल्यापासून १४ दिवसांत उच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायची. परवानगीच मागावी लागते, अपील आपोआप चालत नाही. तुरुंगाच्या अवस्थेचा मुद्दा घ्यायचा असेल तर जाणून घ्या की मल्ल्या आणि नीरव मोदी दोघांच्याही प्रकरणात भारताने आर्थर रोड तुरुंगाच्या १२ नंबरच्या बराकीची हमी दिली आणि ती मान्य झाली. 'भारतातले तुरुंग वाईट' एवढ्याने काही होणार नाही. ठरलेल्या बराकीबद्दल आणि भावाच्या ठरावीक आजाराबद्दल बोला.

अमेरिकेतही असंच असतं का? (न्यू जर्सी)

नाही, उलट. १९०३ सालच्या एका निकालापासून अमेरिकेत प्रत्यार्पणात जामीन हा अपवाद आहे. 'विशेष परिस्थिती' दाखवावी लागते. वय, कुटुंब, नोकरी हे त्यात धरत नाहीत. २६/११ च्या संदर्भात भारताने मागितलेल्या तहव्वूर राणाचं बघा. दुसऱ्या शिक्षेतून कोविडच्या कारणाने त्याची सुटका ठरली आणि जून २०२० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याला पुन्हा धरलं. जामीन नाकारला गेला. मे २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो सोपवण्यायोग्य ठरवला. त्यावर तिथे थेट अपील नसतं, हेबियस कॉर्पसचाच मार्ग, जो आपल्याकडे बहुतेक बंद असतो. तो संपायला जानेवारी २०२५ उजाडला आणि एप्रिलमध्ये राणा भारतात आला. जवळजवळ पाच वर्षं, सगळी कोठडीत.

भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला आहे. परदेशात प्रत्यार्पणासाठी कोठडीत काढलेले दिवस भारतातल्या शिक्षेतून वजा होतात का? (मडगाव)

त्याच गुन्ह्यासाठी कोठडी असेल तर मागणी जरूर करावी, पण परदेशातला प्रत्येक दिवस आपोआप धरला जातो असं समजू नका. अबू सालेम सप्टेंबर २००२ पासून पोर्तुगालमध्ये अटकेत होता. पोर्तुगालला दिलेल्या हमीमुळे त्याला २५ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही २५ वर्षं १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजली, कारण आधीचा तुरुंगवास पोर्तुगालमधल्याच गुन्ह्याचा होता. म्हणून तिथल्या तुरुंगाकडून दाखला घेताना तारखांसोबत कोठडी *कोणत्या आदेशाखाली* होती हे लिहून घ्या. दाखला पोर्तुगीजमध्ये मिळेल; प्रमाणित भाषांतर तिथेच करून आणा. माणूस इथे आल्यावर ते मिळवायला सहा-सहा महिने लागतात.